सरकारलाच ज्याची खात्री नाही, ते एन्क्रिप्शन आपण वापरावे का?

कोयनाकाठ (धागाकर्ता)

आमच्या गावच्या पतसंस्थेच्या संचालक मंडळावर मी काही वर्षे काम करतो आहे. सभासदांची खाती, कर्जाचे अर्ज, आधार कार्डांच्या प्रती असे सगळे दप्तर आता संगणकावर गेले आहे. त्याची रोजची एक प्रत संस्थेबाहेर ठेवायची आणि ती एन्क्रिप्ट करूनच, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशा रूपात ठेवायची, असा ठराव आम्ही केला. कोणती पद्धत निवडावी, याचा शोध घेताना एक गोष्ट वाचनात आली आणि तेव्हापासून ती मनातून जात नाही.

अमेरिकेच्या सरकारने १९७७ साली डीईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत प्रमाण म्हणून जाहीर केली आणि पुढे जगभरच्या बँकांनी ती स्वीकारली. स्वतःची गोपनीय म्हणून वर्गीकृत केलेली माहिती मात्र त्या सरकारने डीईएसच्या हवाली केली नाही. तिच्यासाठी एनएसए या गुप्तवार्ता संस्थेच्या वेगळ्या, अप्रकाशित पद्धती होत्या. सावकाराने गावाला एक कुलूप विकावे आणि स्वतःच्या तिजोरीला दुसरेच लावावे, तसे हे मला वाटले. सर्वांना खुल्या असलेल्या पद्धतींबद्दल सरकारे शंका घेतात, तेव्हा त्यांना आपल्याला ठाऊक नसलेला एखादा दोष ठाऊक असतो का? तसे असेल, तर आमच्या चार हजार सभासदांची माहिती मी कोणाच्या भरवशावर ठेवावी?

गणितवेडी

प्रश्न अगदी योग्य आहे, पण डीईएसची हकीकत सावकाराच्या उपमेपेक्षा अधिक गुंतागुंतीची आहे, म्हणून ती थोडी सविस्तर सांगते.

मूळ पद्धत आयबीएमची. होर्स्ट फाइस्टेल यांच्या ल्युसिफर या रचनेतून ती विकसित झाली. ल्युसिफरची किल्ली १२८ बिटांची होती, ती डीईएसमध्ये ५६ बिटांवर आली (एकेक बिट कमी झाला की शक्य किल्ल्या निम्म्या होतात). शिवाय एनएसएच्या सल्ल्यानंतर तिच्यातील एस-बॉक्स, म्हणजे बिटांच्या गटांची अदलाबदल करणारे तक्ते, बदलले गेले आणि ते तसेच का निवडले याचे कारण कोणालाही सांगितले गेले नाही. तक्त्यांत चोरवाट ठेवली असणार, असा संशय त्यानंतर जवळजवळ पंधरा वर्षे टिकला. १९९०च्या सुमारास बिहॅम आणि शमीर या इस्रायली संशोधकांनी डिफरन्शियल क्रिप्टॅनॅलिसिस, म्हणजे किंचित वेगळे संदेश देऊन निकालांतल्या फरकांवरून किल्ली शोधण्याचे तंत्र प्रकाशित केले, तेव्हा असे आढळले की डीईएसचे तक्ते नेमक्या याच हल्ल्यापुढे आश्चर्यकारकरीत्या टिकतात. १९९४ मध्ये आयबीएमच्या डॉन कॉपरस्मिथ यांनी लिहून सांगितले की हे तंत्र त्यांच्या गटाला १९७४ मध्येच ठाऊक होते आणि एनएसएच्या सांगण्यावरून ते गुप्त ठेवले गेले.

म्हणजे तक्त्यांच्या बाबतीत सरकारने पद्धत बळकट केली होती आणि किल्लीच्या लांबीच्या बाबतीत ती कमकुवत राहू दिली होती. एकाच संस्थेचे हे दोन हात आहेत, आणि त्यांपैकी कोणता हात कुठे लागला हे बाहेरच्या माणसाला त्या काळी कळण्याचा मार्ग नव्हता.

शून्यएक

५६ बिटांबद्दलची शंका मात्र बाहेरच्यांनी पहिल्याच वर्षी उघडपणे मांडली होती. डिफी आणि हेलमन या अमेरिकी संशोधकांनी १९७७ मध्येच हिशेब मांडला होता की सुमारे २ कोटी डॉलरांच्या यंत्राने एका दिवसात किल्ली शोधता येईल. १९९८ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने अडीच लाख डॉलरांहून कमी खर्चात यंत्र उभे करून ५६ तासांत किल्ली काढून दाखवली. हा दोष ओळखायला गुप्त ज्ञानाची गरज नव्हती. भागाकार-गुणाकार येणाऱ्याला तो दिसत होता.

डेल्फ्टवासी

धागाकर्त्यांनी १९७७चे उदाहरण दिले, त्याच्या पुढचा अध्यायही लक्षात घ्यावा. डीईएसची जागा घेण्यासाठी अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने १९९७ मध्ये जगभरातून उघड प्रस्ताव मागवले. पंधरा पद्धती उमेदवार म्हणून स्वीकारल्या गेल्या. ज्यांनी त्या रचल्या त्यांनीच परिषदांमध्ये भर सभेत एकमेकांच्या पद्धती फोडण्याचा प्रयत्न केला. ऑक्टोबर २००० मध्ये निवड झाली ती योआन दामेन आणि व्हिन्सेंट रायमेन या दोन बेल्जियन संशोधकांच्या पद्धतीची, आणि २००१ मध्ये ती एईएस या नावाने प्रमाण झाली.

तुमच्या प्रश्नाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची घटना २००३ सालची आहे. त्या वर्षी अमेरिकेने एईएसला स्वतःच्या वर्गीकृत माहितीसाठी मान्यता दिली, आणि १९२ किंवा २५६ बिटांची किल्ली असेल तर 'टॉप सीक्रेट' दर्जाच्या माहितीसाठीसुद्धा. गावाचे कुलूप आणि तिजोरीचे कुलूप तेव्हा प्रथमच एक झाले. त्या परवानगीला एक अट जोडलेली होती आणि ती मला फार बोलकी वाटते: पद्धत खुली असली तरी ती ज्या उपकरणात किंवा सॉफ्टवेअरमध्ये बसवली आहे, ते एनएसएने तपासलेले असले पाहिजे. म्हणजे सरकारची शंका संपली नव्हती. ती गणितावरून उठून बांधणीवर गेली होती.

म्हादई

डेल्फ्टवासी यांच्या मांडणीशी मी अर्धाच सहमत आहे. सरकारने मान्यता दिली म्हणजे पद्धत भरवशाची, असा निष्कर्ष त्यातून कोणी काढू नये, म्हणून दुसरे उदाहरण ठेवतो.

एन्क्रिप्शनची किल्ली तयार करायला यादृच्छिक, म्हणजे कोणालाही आधी ताडता न येणाऱ्या संख्या लागतात. त्या निर्माण करण्याच्या काही पद्धती निस्टने २००६ मध्ये प्रमाणित केल्या, त्यांत ड्युअल-ईसी-डीआरबीजी नावाची एक होती. इतरांपेक्षा ती कितीतरी संथ होती आणि ती का हवी आहे हे कोणाला उमगत नव्हते. २००७ मध्ये शुमो आणि फर्ग्युसन या मायक्रोसॉफ्टच्या दोन संशोधकांनी एका परिषदेत दाखवले की तिच्यातले ठरावीक स्थिरांक ज्याने निवडले, त्याला त्यांच्यामधला छुपा संबंध ठाऊक असेल तर थोडे आकडे पाहून पुढचे सगळे सांगता येतील. ही सूचना मिळूनही पद्धत प्रमाणपत्रासह बाजारात राहिली. सप्टेंबर २०१३ मध्ये एनएसएसाठी काम केलेल्या एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांवरच्या बातम्या आल्या, त्यानंतर निस्टने ती वापरू नका असे सांगितले आणि २०१४ मध्ये ती मागे घेतली.

या प्रकारात नागरिकांचा संशय खरा ठरला आणि सरकारी शिक्का अपुरा पडला. निस्टमधल्या प्रामाणिक गणितज्ञांना यात किती वेदना झाल्या असतील याची मला कल्पना आहे, पण एकदा शिक्क्यावर डाग पडला की पुढची दहा वर्षे प्रत्येक चांगल्या कामावरही त्याची सावली राहते.

गणितवेडी

म्हादई यांचे म्हणणे मान्य आहे. फक्त एवढे जोडते की तो दोष सापडला, कारण पद्धत छापील होती. शुमो आणि फर्ग्युसन यांना कोणाचे कपाट फोडावे लागले नाही.

जुना तारघर

मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो आहे. "खुल्या पद्धतीचा भरवसा नाही, म्हणून आम्ही खास बनवलेले यंत्र घेतो" हे वाक्य मी आयुष्यभर बैठकांमध्ये ऐकले आहे. त्याचे सर्वांत मोठे उत्तर फेब्रुवारी २०२० मध्ये मिळाले.

स्वित्झर्लंडमध्ये क्रिप्टो एजी नावाची कंपनी होती. शंभराहून अधिक देशांची सरकारे, त्यांचे दूतावास आणि सैन्ये तिची सांकेतिक यंत्रे वापरत. यंत्राच्या आत काय चालते हे गुप्त असे आणि ती गुप्तताच सुरक्षिततेची हमी मानली जाई. वॉशिंग्टन पोस्ट आणि जर्मनीच्या झेडडीएफ वाहिनीने उघड केले की १९७० पासून ही कंपनी सीआयए आणि जर्मन गुप्तवार्ता संस्था बीएनडी यांच्या गुप्त मालकीची होती आणि ठरावीक ग्राहकांना विकलेली यंत्रे मुद्दाम फोडता येतील अशी केलेली होती. जर्मनी १९९३ मध्ये बाहेर पडली, अमेरिकेने पुढे सुमारे पंचवीस वर्षे ती चालवली. ग्राहकांच्या यादीत भारत आणि पाकिस्तान ही दोन्ही नावे होती.

ही बातमी वाचली त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्यांनी खुल्या पद्धतींवर अविश्वास दाखवला, त्यांनी स्वतःची गुपिते आपल्या हाताने परक्या दारात नेऊन ठेवली होती.

कोयनाकाठ

प्रतिसाद वाचून माझी समजूत बरीच बदलली. पण मग एक उपप्रश्न उरतो. परदेशी बंद यंत्र नको आणि परदेशी संस्थेचा शिक्काही पुरेसा नाही, तर प्रत्येक देशाने स्वतःची पद्धत रचावी का? भारताने काय केले आहे?

डेल्फ्टवासी

रशिया आणि चीन यांनी ते केले आहे. रशियाच्या कुझनेचिक आणि स्ट्रीबोग या पद्धतींमधला अदलाबदलीचा तक्ता यादृच्छिक रीतीने निवडला आहे, असे त्यांच्या रचनाकारांकडून सांगितले गेले होते. लिओ पेरँ या फ्रेंच संशोधकाने २०१९ मध्ये दाखवले की त्या तक्त्यात एक अतिशय दुर्मीळ, नीटस रचना दडलेली आहे आणि ती योगायोगाने येणे जवळजवळ अशक्य आहे. त्या रचनेचा उपयोग करून कोणी पद्धत फोडलेली नाही. तरीही कारण न सांगता लपवलेली रचना हा प्रश्न डीईएसच्या तक्त्यांसारखाच आहे, फक्त देश वेगळा.

अमेरिकेच्या वाट्यालाही तोच अनुभव आला. एनएसएने २०१३ मध्ये छोट्या उपकरणांसाठी सायमन आणि स्पेक या दोन पद्धती प्रकाशित केल्या. तज्ज्ञांना त्यांत ठोस दोष सापडला नव्हता, पण रचनेमागची कारणे विचारल्यावर समाधानकारक उत्तरे मिळाली नाहीत, असे आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेतल्या अनेक देशांच्या प्रतिनिधींचे म्हणणे होते. २०१८ मध्ये त्यांनी त्या नाकारल्या. सरकारांना खुल्या पद्धतीबद्दल शंका असते, हे आपण नेहमी ऐकतो. इथे खुल्या समुदायाने सरकारी पद्धतीबद्दल शंका घेतली आणि ती मान्य झाली.

शून्यएक

भारतापुरते सांगायचे तर आपल्याकडचा गोंधळ निराळा आहे. इंटरनेट सेवा पुरवणाऱ्यांच्या परवान्यात, आधी परवानगी न घेता ४० बिटांपेक्षा लांब किल्ली वापरू नये असे कलम अनेक वर्षे होते. दुसरीकडे रिझर्व्ह बँकेने २००१ मध्ये इंटरनेट बँकिंगसाठी किमान १२८ बिटांचे संरक्षण हवे असे सांगितले. एकाच देशात एक खाते म्हणते कुलूप लहान ठेवा, दुसरे म्हणते मोठे लावा.

सप्टेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय एन्क्रिप्शन धोरणाचा मसुदा आला. एन्क्रिप्ट केलेल्या संदेशाची मूळ वाचनीय प्रत नागरिकांनी ९० दिवस जपून ठेवावी आणि मागितल्यास द्यावी, अशी त्यात अट होती. चहूबाजूंनी टीका झाली आणि दोन-चार दिवसांतच तो मागे घेतला गेला. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ८४अ नुसार सरकार एन्क्रिप्शनच्या पद्धती ठरवून देऊ शकते.

पांथस्थ

इथे सर्वांनी एक बाजू सोडून दिली आहे, म्हणून विरोधी मत नोंदवतो. सरकारला खुल्या एन्क्रिप्शनबद्दल जी शंका असते, ती बऱ्याचदा ते कच्चे आहे म्हणून नसते, ते फार पक्के आहे म्हणून असते. माझे एक नातेवाईक पोलीस तपासात काम करतात. अपहरणाच्या प्रकरणात आरोपीचा फोन हातात असून संदेश वाचता येत नाहीत, तेव्हा त्या घरातल्या आई-वडिलांसमोर त्यांना उभे राहावे लागते. ही अडचण खोटी नाही आणि ती मांडणारा प्रत्येक अधिकारी नागरिकांचा शत्रू नसतो.

म्हादई

पांथस्थ यांनी ही बाजू मांडली हे चांगले झाले. त्या अधिकाऱ्यांची अडचण मला मनापासून मान्य आहे. माझा आक्षेप फक्त उपायावर आहे, कारण तो उपाय करून पाहिला गेला आहे.

१९९३ मध्ये अमेरिकेने दूरध्वनीवरचे संभाषण एन्क्रिप्ट करणारी क्लिपर ही चिप आणली. तिच्यातली स्किपजॅक पद्धत गुप्त होती, किल्ली ८० बिटांची होती आणि प्रत्येक चिपच्या किल्लीचे दोन तुकडे दोन सरकारी संस्थांकडे ठेवले जाणार होते. १९९४ मध्ये मॅट ब्लेझ या संशोधकाने दाखवले की तपास यंत्रणांसाठी ठेवलेल्या भागाची पडताळणी केवळ १६ बिटांच्या आकड्यावर होते. त्यामुळे खोटा भाग जुळवून तीच चिप सरकारला चुकवत वापरता येत होती. बळकट पद्धत आणि सरकारला उघडणारी खिडकी या दोन्ही गोष्टी एकत्र बसवताना चूक खिडकीत झाली होती. पुढे ती योजना बारगळली.

आणि २०२४ मध्ये उघडकीस आलेली घटना त्याहून गंभीर आहे. सॉल्ट टायफून या नावाने ओळखला जाणारा, चीनशी संबंधित हल्लेखोरांचा गट अमेरिकेतल्या मोठ्या दूरध्वनी कंपन्यांच्या जाळ्यात शिरला. न्यायालयाच्या आदेशाने संभाषण ऐकण्यासाठी ठेवलेल्या व्यवस्थेपर्यंतही तो पोहोचल्याचे वृत्त आले. त्यानंतर डिसेंबरमध्ये अमेरिकेच्याच सायबर सुरक्षा संस्थेने, ज्यांच्यावर पाळत असण्याची शक्यता मोठी आहे अशा लोकांना, फक्त एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांनाच संदेश वाचता येईल अशी संदेशसेवा वापरण्याचा सल्ला दिला. चांगल्या हेतूने ठेवलेली खिडकी वापरणाऱ्याचा हेतू विचारत नाही.

पांथस्थ

क्लिपरची हकीकत मला ठाऊक नव्हती. नातेवाइकांची अडचण त्याने सुटत नाही, पण चिपमध्ये खिडकी ठेवणे हा तिचा उपाय नाही, एवढे मी मान्य करतो.

डेल्फ्टवासी

पोलिसांचा विषय निघालाच आहे, तर युरोपातले उदाहरण देतो. अनेक देशांत पोलीस आणि आपत्कालीन सेवा टेट्रा नावाची रेडिओ व्यवस्था वापरतात. तिच्या एन्क्रिप्शनच्या पद्धती अनेक दशके गुप्त होत्या. २०२३ मध्ये मी राहतो त्या नेदरलँड्समधल्या संशोधकांनी त्या उपकरणातून बाहेर काढल्या, तेव्हा टीईए-१ या प्रकारात ८० बिटांची किल्ली आतल्या आत ३२ बिटांवर आणली जाते असे आढळले. ज्यांनी ती विकत घेतली, त्यांना हे तपासण्याची सोयच नव्हती. आपल्याकडची करपल्लवी बोटांची भाषा न जाणणाऱ्यापासूनच गुपित राखत असे. समोरच्याला ती येते हे कळल्यावर तिचा उपयोग संपे. गुप्त पद्धतीचे संरक्षणही तेवढेच असते. पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी त्रास होता कामा नये, हे ऑगस्ट कर्कहॉफ्स या डच भाषातज्ज्ञांनी १८८३ मध्येच लिहून ठेवले आहे.

सुरवंट

मी एका सहकारी बँकेच्या संगणक विभागात होते. नाव लिहीत नाही. तिथल्या पुरवठादाराने "आमची स्वतःची गोपनीय एन्क्रिप्शन पद्धत" आहे असे लेखी दिले होते. एका ग्राहकाची तक्रार सोडवताना मी माहितीसाठा उघडला, तर पासवर्ड फक्त दुसऱ्या लिपीत लिहावेत तसे बदललेले होते; किल्ली नव्हतीच. असे रूपांतर करून देणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर ते अर्ध्या मिनिटात वाचता येत होते. मी वर कळवले, तेव्हा पुरवठादाराने "खुल्या पद्धती सर्वांना माहीत असतात, म्हणून असुरक्षित असतात" असे उत्तर दिले आणि ते मान्यही झाले. ज्या ग्राहकांनी विश्वासाने खाती उघडली होती, त्यांच्याविषयी मला आजही अपराधी वाटते. कोयनाकाठ यांनी असे वाक्य ऐकले तर तिथेच थांबावे, अशी कळकळीची विनंती आहे.

शून्यएक

सुरवंट यांच्या अनुभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर खुले म्हणजे निर्दोष असा समज होईल. डेबियन या लिनक्स वितरणात २००६ मध्ये ओपनएसएसएल या इंटरनेटवरचा व्यवहार एन्क्रिप्ट करणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरच्या दोन ओळी एका चुकीच्या समजुतीने काढल्या गेल्या. त्यामुळे यादृच्छिकता इतकी आटली की एका प्रकारच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या. हे उघड व्हायला मे २००८ उजाडला. सगळे काही सर्वांसमोर होते आणि कोणी पाहिले नाही. त्याच ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष दोन वर्षे राहून एप्रिल २०१४ मध्ये सापडला, आणि तेव्हा समजले की जगातल्या असंख्य संकेतस्थळांना आधार देणाऱ्या या सॉफ्टवेअरसाठी पूर्णवेळ काम करणारा माणूस फक्त एक होता.

यांपैकी एकाही प्रसंगात एईएसचे किंवा किल्ल्यांची देवाणघेवाण आणि सह्या यांसाठी वापरल्या जाणाऱ्या आरएसए पद्धतीचे गणित हरले नव्हते. म्हणूनच २००३ च्या त्या अटीत सरकारने घेतलेली शंका मला रास्त वाटते. तपासणी हवीच, ती बंद खोलीत होऊ नये, एवढेच.

गणितवेडी

गणितावरची शंका मात्र पुन्हा परतते आहे, क्वांटम संगणकांमुळे; ते पुरेसे मोठे झाले तर आजच्या काही पद्धती फोडू शकतील. निस्टने २०१६ मध्ये त्यांच्यापुढे टिकतील अशा पद्धतींसाठी उघड आवाहन केले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पहिली तीन मानके प्रसिद्ध केली. या वाटेवर एसआयकेई नावाची उमेदवार पद्धत चौथ्या फेरीपर्यंत पोहोचली होती. २०२२ मध्ये कास्त्रिक आणि देक्रू यांनी तिची एक आवृत्ती साध्या संगणकाच्या एकाच गाभ्यावर सुमारे एका तासात फोडली. त्यामुळे नव्या पद्धतीवर एकट्या विसंबू नका, ती जुन्या पद्धतीच्या जोडीने वापरा, असे जर्मनीची बीएसआय ही माहिती सुरक्षा संस्था सांगते. अमेरिकेची एनएसए अशी जोडी आवश्यक मानत नाही. दोन सरकारांच्या शंका इथे वेगवेगळ्या आहेत, पण दोघांनीही त्या कारणांसह छापल्या आहेत, आणि डीईएसच्या काळापेक्षा हा फार मोठा फरक आहे.

कोयनाकाठ यांच्या कामापुरते सांगायचे तर हा धोका मुख्यतः किल्ल्यांची देवाणघेवाण आणि सह्या करणाऱ्या पद्धतींना आहे. साठवलेल्या प्रतीसाठी २५६ बिटांची एईएस पुरेशी आहे.

कोयनाकाठ

सर्वांचा मनापासून आभारी आहे. मी विचारले होते की सरकारला एखादा दोष ठाऊक असतो का. आता मला वाटते की कधी असतो, कधी नसतो, आणि कधी तो त्यांनीच ठेवलेला असतो. मला ते बाहेरून ओळखता येणार नाही. पण शंका घेणाऱ्याने कारण छापले आहे की नाही, हे मला ओळखता येते.

काल संचालक मंडळाची बैठक झाली. पद्धत एईएस-२५६, खुले आणि स्वतंत्र तपासणी झालेले सॉफ्टवेअर, आणि "आमची स्वतःची पद्धत" म्हणणाऱ्या दोन्ही पुरवठादारांना नकार, असा निर्णय झाला. किल्ली कोणाकडे ठेवायची यावर मात्र दोन तास चर्चा चालली. शेवटी ती दोन भागांत करून एक भाग व्यवस्थापकांकडे आणि दुसरा अध्यक्षांकडे, आणि प्रत्येक भागाची एक सीलबंद प्रत जिल्ह्याच्या ठिकाणी दोन वेगळ्या लॉकरमध्ये, असे ठरले.

सुरवंट

निर्णय वाचून फार समाधान वाटले. त्या प्रतीवरून सगळे दप्तर एकदा कोऱ्या संगणकावर परत उभे करून पाहिले आहे का? आमच्याकडे ते कोणी कधीच केले नव्हते.

कोयनाकाठ

नाही केले. येत्या रविवारी संस्था बंद असते, तेव्हा व्यवस्थापकांना आणि अध्यक्षांना आपापले भाग घेऊन बोलावतो. काय झाले ते इथेच कळवीन.